विचलित

टीव्हीवर खाली पट्टी आली :
'ही दृश्ये आपल्याला विचलित करू शकतात.'
हर्षाली तिसरीत. जोडाक्षरं यायला लागल्यापासून
साबणाचं वेष्टन, एसटीची पाटी, काही सोडत नाही.
"पप्पा, विचलित म्हणजे काय?"

मी यावलचा केबलवाला.
किल्ल्याच्या पायथ्यापासून फैजपूर रस्त्यापर्यंत
सातशे घरांत मीच नेऊन सोडलंय हे सगळं,
गच्च्यांवरून, निंबाच्या फांद्यांतून,
करंगळीहून बारीक काळी वायर.
तिच्यातून काय जातं, हे वीस वर्षांत कोणाला विचारलं नाही.
चित्र स्वच्छ दिसतं ना, एवढंच विचारलं.

म्हटलं, विचलित म्हणजे... जागचं हलणं.
"मग हलू नये का?"

पडद्यावर एक माणूस रस्त्यावर आडवा.
तोंडावर चौकोनी चौकोनी धुकं.
एक चप्पल पायात, दुसरी दुभाजकाजवळ.
चपलेवर धुकं नव्हतं.
"निळ्या पट्ट्याची आहे," ती म्हणाली, "तुमच्यासारखी."

रिमोट गादीखाली सापडेस्तोवर
माणूस गेला, मंच आला.
मंचावरचा पुढारी हात उगारून म्हणत होता,
एकेकाला ठेचून काढू!
आणि मैदान टाळ्या वाजवत होतं.

मागच्या अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर
भरिताची वांगी भाजून झालेली.
मालती बडगीत घालून ठेचत होती.
ठप्. ठप्. ठप्.
हर्षाली उठून दारात गेली,
बडगीकडे बराच वेळ पाहत राहिली.
"असं?"

मालतीचा हात वरच थांबला.

म्हटलं, बेटा, ते नुसतं बोलायचं असतं. निवडणुकीपुरतं.
"मी सोहमला शिवी दिली तेव्हा
तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलं होतं."
हो.
"एकेकाला म्हणजे कोणाला? तंझीलाच्या पप्पांना?"

तंझीलाचे पप्पा म्हणजे युनूस.
बारा वर्षं मी खांबावर चढतो
आणि खाली शिडी तो धरतो.
हे तिला माहीत आहे. मैदानाला माहीत नाही.
मी हे मनात म्हणालो,
मोठ्यानं म्हणायला काय झालं होतं कोण जाणे.

मालतीनं पदराला हात पुसले.
"सांगून टाका तिले. पोरं भेतातच.
अर्धवट कळलं का जास्ती भेतात."

मग खाली फरशीवर बसलो, तिच्या उंचीला.
सांगितलं, तो माणूस मेला. त्याला मारलं.
नाव मला माहीत नाही, गावही नाही.
मंचावरचा टाळ्यांसाठी बोलतो,
पण ऐकणाऱ्यांतला एखादा खरंच दगड उचलतो.
आणि मलाही भीती वाटते.
"तुम्हाला पण?"
मला पण.
ती थोडी सरकून जवळ बसली.
वाटलं, झालं. निभावलं.

"मग तुम्ही वायर का नाही काढून टाकत?"

उठलो. आपल्या घराची पिन उपसली.
खोली गप्प झाली, आणि भिंतीपलीकडून,
प्रमिलाकाकूंच्या बैठकीतून,
तेच मैदान, त्याच टाळ्या, माझ्याच वायरीनं.
महिन्याचे अडीचशे रुपये त्या वेळेवर देतात.
हे मी तिला सांगितलं नाही.
एवढं एक अर्धवट ठेवलं.

भरीत तिनं खाल्लं नाही.
कळण्याची भाकर दह्यात कुस्करून दिली तर
कुस्करलेलीही नको म्हणाली. तुकडा तोडून खाल्ला.

दिवा मालवल्यावर विचारलं,
"त्याची दुसरी चप्पल कोणी उचलली?"
माहीत नाही, बाळा.
"उद्या बातम्यांत सांगतील?"
नाही सांगणार.

सकाळी निघालो तर दारात चपला नाहीत.
ओट्यावर पाहिलं, मोरीत पाहिलं.
तिच्या उशाशी होत्या,
दोन्ही, एकीला एक चिकटून,
आणि पट्ट्यावर तिची बोटं.

बाहेर युनूस शिडी घेऊन आलेला,
हॉर्नवर हॉर्न देत होता.
मी अनवाणीच उभा राहिलो,
बोटं सोडवावीत की थांबावं,
काही ठरेना.